पऱ्हाटी लाल पडतेय? पंप भरण्याआधी पान उलटून पाहा

पोळा झाला की आठ-पंधरा दिवसांत फोन सुरू होतात. "भाऊ, पऱ्हाटी लाल पडली, काय मारू?" मी यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू कपाशी करतो, आमच्याकडे तिलाच पऱ्हाटी म्हणतात. चौदा हंगाम झाले, लाल्या, म्हणजे कपाशीची पानं लाल पडणं, दिसला नाही असं एकही वर्ष आठवत नाही. कधी माझ्या शेतात, कधी शेजाऱ्याच्या, कधी सोयऱ्यांच्या गावात. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

"काय मारू" याचं उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो: कोणती पानं लाल झाली, वरची की खालची? नुसत्या कडा लाल आहेत की शिरांच्या मधला भाग? बहुतेक वेळा उत्तर येत नाही, कारण धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाहिलं तर सगळं शेत सारखंच लाल दिसतं. तासात, म्हणजे झाडांच्या ओळीत, शिरून वाकून पाहिलं की ते सारखं नसतं.

लक्षणं

लाल्या या एका नावाखाली निदान पाच वेगवेगळी चित्रं येतात.

- पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग लाल होतात. पान खालच्या बाजूला वळतं, उपड्या वाटीसारखं होतं आणि हातात घेतलं तर कडा कुरकुरीत लागतात. जास्त करून मधल्या आणि वरच्या पानांवर.
- खालची जुनी पानं शिरांच्या मधे लाल-जांभळी होतात, पण शिरा मात्र ठळक हिरव्या राहतात. पान वळत नाही, सपाटच असतं.
- आधी सगळं झाड फिक्कं, पोपटी दिसतं, वाढ खुंटते, पानं लहान राहतात. मग खालून वर लाली चढते. शिरासुद्धा हिरव्या राहत नाहीत, देठही लाल होतात.
- शेताच्या सखल भागात, नाल्याकडच्या तासांत किंवा बांधाच्या वरच्या अंगाला पट्टाच्या पट्टा लाल, बाकी शेत हिरवं. किंवा याच्या उलट, उंचवट्यावरचा बरड (उथळ, मुरमाड) भाग लाल आणि खालचा हिरवा.
- दिवाळीच्या सुमारास थंडी पडली आणि आठवड्याभरात सगळंच शेत लाल झालं. बोंडं भरलेली, काही फुटायला लागलेली.

बऱ्याच शेतात यातली दोन चित्रं एकत्र असतात. तरीही त्यात एक मुख्य असतं आणि ते शोधावंच लागतं.

काही गोष्टी लाल्या नसून लाल्या समजल्या जातात. पावसाच्या मोठ्या खंडानंतर जोराचा पाऊस झाला किंवा ओलित केलं आणि एक-दोन दिवसांत हिरवं झाड मान टाकून उभं राहिलं, तर ती आकस्मिक मर. तिथे एक तासही दवडू नका. पाणी साचलं असेल तर काढा, वाफसा करा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होऊ द्या, आणि झाडाच्या बुडाशी आळवणी करा, म्हणजे औषधाचं पाणी ओता. पानाच्या खाली दही शिंपडल्यासारखे पांढरे डाग असतील तर तो दहिया, म्हणजे खरा बुरशीचा रोग. नवीन पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, लांबट येत असतील तर शेजारच्या शेतातून टू-फोर-डी तणनाशकाची वाफ किंवा तुषार आलेले असतात. या तिन्हींचा खाली लिहिलेल्या तपासण्यांशी संबंध नाही.

पान लाल का होतं

हे समजलं की निम्मा खर्च वाचतो. पानातलं हरितद्रव्य कमी झालं की पानात अँथोसायनिन नावाचा लाल रंग साठतो आणि उठून दिसतो. म्हणजे लाली ही झाडाची तक्रार आहे, झाडाला लागलेली कीड किंवा बुरशी नाही. नत्र आणि मॅग्नेशियम हे दोन्ही हरितद्रव्याचे घटक. मॅग्नेशियम तर त्याच्या अगदी केंद्रस्थानी असतं. बोंडं भरायला लागली की झाड जुन्या पानांतून हे दोन्ही काढून बोंडांकडे पाठवतं. मुळांकडून तेवढी भरपाई आली नाही की पान लाल होतं. मुळं देत नाहीत याची कारणं अनेक: जमिनीत नाहीच, आहे पण पाण्याने मुळं गुदमरली, आहे पण ओल नाही. त्यात रात्रीचा गारवा वाढला की हरितद्रव्य आणखी झपाट्याने घटतं. आणि तुडतुडे असतील तर ते पानातला रसच शोषून नेतात.

बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेल्या, संकरित वाणांना २००२ साली परवानगी मिळाली. त्यानंतर बोंडअळीपासून पहिली बोंडं वाचू लागली आणि एकाच वेळी झाडावर जास्त बोंडं टिकू लागली. झाडाची भूक वाढली, पण आपण खत जुन्याच पद्धतीने देत राहिलो. आमच्या गावातले म्हातारे सांगतात की देशी कपाशीला इतका लाल्या कधी पाहिला नाही, आणि मला ते पटतं.

लाल्या हा रोग नाही, त्यामुळे तो एका शेतातून दुसऱ्या शेतात पसरत नाही आणि बुरशीनाशकाने जात नाही. मी पहिल्या वर्षी तालुक्याच्या एका दुकानातून बुरशीनाशक, टॉनिक आणि कीटकनाशक असं तिन्ही एकत्र आणून चार एकरांवर दोनदा मारलं होतं. पान कोणीच पाहिलं नव्हतं, मी नाही आणि दुकानदारानेही नाही. शेत लालच राहिलं आणि उसनवारीचे पैसे फेडायला पहिली वेचणी गेली. ते वर्ष मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचा क्रम फुकटापासून खर्चाकडे लावला आहे.

पहिली तपासणी: दिवस मोजा

पेरणीची तारीख काढा आणि आजपर्यंतचे दिवस मोजा. मग पंधरा-वीस झाडांवरची बोंडं बघा. पीक १३० दिवसांच्या पुढे गेलंय, बहुतेक बोंडं घट्ट भरलीत, खालची फुटायला लागलीत आणि वर नवीन पाती (फुलांच्या कळ्या) नगण्य आहेत, तर ही लाली म्हातारपणाची आहे. झाडाने आपलं काम केलं. इथे एक रुपयाही घालू नका, वेचणीची तयारी करा.

ही तपासणी पहिली ठेवण्याचं कारण असं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात येणाऱ्या फोनपैकी बरेच इथेच संपतात. पीक ७० ते ११० दिवसांचं असेल, पाती-फुलं लागत असतील आणि हिरवी कोवळी बोंडं असतील, तर मात्र पुढे वाचा. या काळातला लाल्या थेट उत्पन्नावर येतो. पातेगळ होते, बोंडं लहान राहतात आणि अर्धवट फुटतात.

दुसरी तपासणी: पान उलटा

हीच सगळ्यात महत्त्वाची आहे आणि हिलाही पैसे लागत नाहीत. सकाळी, ऊन चढण्याआधी जा. एकरात वेगवेगळ्या ठिकाणची वीस झाडं घ्या, धुऱ्याजवळची नको. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं असं एकेक पान हळूच उलटा. झटका दिला तर कीड उडून जाते.

पानाच्या खाली शिरांजवळ पोपटी रंगाचे, पाचरीच्या आकाराचे बारीक किडे दिसले आणि हात लावताच ते तिरके चालले, तर ते तुडतुडे. तिरकी चाल ही त्यांची पक्की खूण, मावा असा पळत नाही. मोजा आणि लिहून ठेवा. सरासरी एका पानाला दोन किंवा जास्त तुडतुडे आणि सोबत कडा पिवळ्या पडून वळायला लागलेल्या, एवढं झालं की फवारणीची वेळ आली. त्याच्या खाली असेल तर थांबा, तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजा. ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या, कोळी असे तुडतुडे खाणारे मित्रकिडे भरपूर दिसत असतील तर मी आणखी थांबतो, कारण ते तुमच्यासाठी फुकट काम करताहेत.

तुडतुड्यांची लाली वेगळी ओळखायची, कारण तिच्यावर खताचा इलाज उलटा पडतो. तुडतुडा रस शोषताना लाळेतून विष सोडतो, त्यामुळे कडा करपतात. अशा शेतात लाली पाहून कोणी युरिया टाकला तर पानं लुसलुशीत होतात आणि तुडतुडे आणखी वाढतात. आमच्या शेजारच्या शेतात हेच झालं होतं. दोन बॅगा युरिया पडला आणि पंधरा दिवसांत अख्खं शेत भाजल्यासारखं झालं.

"आमचं तर बीटी आहे" असंही बरेच जण म्हणतात. बीटी फक्त बोंडअळ्यांसाठी आहे. तुडतुडे, मावा, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर त्याचा काही परिणाम नाही. बियाण्याला कंपनीने जी कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते तिचा असर साधारण महिनाभर टिकतो. मग ऑगस्टचं ढगाळ, दमट हवामान आलं की तुडतुड्यांना रान मोकळं.

उपाय क्रमाने करा. तुडतुडे नुकतेच दिसायला लागले असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजत घालायची, गाळून १०० लिटर पाणी करायचं, थोडा साबण मिसळायचा. पातळी ओलांडली असेल तर फ्लोनिकॅमिड ५० टक्के हे १० लिटर पाण्यात ३ ग्रॅम पुरतं. एकाच गटाचं औषध पाठोपाठ मारू नका. आणि एका टाकीत तीन-चार औषधं मिसळू नका. दुकानात कोणी मिश्रण बांधून देत असेल तर प्रत्येक पुडीचं काम काय ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती पुडी परत करा.

इथे थोडं थांबून दुसरं सांगायचं आहे. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. डोक्यावरच्या पानांवर फवारा मारला की तो परत अंगावर येतो. तेव्हापासून माझा नियम असा: झाड छातीच्या वर गेलं की आत शिरून फवारायचं नाही, वारा पाठीवर घेऊन, फवारा अंगापासून दूर जाईल असं मागे सरकत फवारायचं, पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे, तोंडाला मास्क, आणि मजुराला सलग दिवसभर पंप द्यायचा नाही. डोकं गरगरणं, मळमळ, डोळ्यांची आग, धूसर दिसणं, तोंडाला लाळ सुटणं, यातलं काहीही झालं तर तिथेच काम बंद. कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी सोबत घेऊन सरळ दवाखान्यात जा. डॉक्टरांना इलाज ठरवायला ती चिठ्ठी लागते. घरी झोपून बरं वाटेल म्हणून वाट पाहू नका.

तिसरी तपासणी: दोन तासांची (ओळींची) परीक्षा

पान उलटून तुडतुडे सापडले नाहीत, म्हणजे प्रश्न भुकेचा आहे. आता नत्राची भूक की मॅग्नेशियमची? पानावरून बराच अंदाज येतो. शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल, तोही जुन्या पानांवर, तर मॅग्नेशियम. आधी सगळं फिक्कं आणि मग शिरांसकट लाल, तर नत्र. पण पान नेहमी इतकं स्पष्ट बोलत नाही. म्हणून मी सगळ्या शेतावर काही मारण्याआधी शेताच्या मधोमध दोन-दोन तासांची परीक्षा घेतो.

दोन तासांवर युरिया दोन टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम. शेजारचे दोन तास मोकळे सोडायचे. पुढच्या दोन तासांवर मॅग्नेशियम सल्फेट एक टक्का, १० लिटरला १०० ग्रॅम. मग दोन तासांवर दोन्ही एकत्र. तासांच्या सुरुवातीला काठी रोवून चिंधी बांधा, नाहीतर आठ दिवसांनी कोणत्या तासात काय मारलं ते आठवत नाही. फवारा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्या, भर उन्हात युरिया पानं जाळतो. कीटकनाशक किंवा तणनाशक वापरलेला पंप असेल तर तो आधी नीट धुऊन घ्या.

आठ-दहा दिवसांनी बघा. पूर्ण लाल झालेलं पान पुन्हा हिरवं होईल ही अपेक्षा ठेवू नका, ते क्वचितच होतं. बघायचं असतं ते अर्धवट लाल झालेलं पान थांबलं का, आणि त्याच्या वरचं पान हिरवंगार आलं का. ज्या तासात हे दिसलं, ते तुमच्या शेताचं उत्तर. मग तेच सगळ्या शेतावर, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा.

या परीक्षेला खर्च म्हणाल तर थोडा युरिया आणि पाव किलो मॅग्नेशियम सल्फेट. तिने माझे जेवढे पैसे वाचवले तेवढे दुसऱ्या कशानेच वाचवले नाहीत. पंधरवडा वाया जाईल असं वाटून लोक टाळतात. पण चुकीच्या फवारणीतही पंधरवडा जातोच, वर पैसे जातात.

बोंडं भरायच्या काळात काहीजण युरियाऐवजी दोन टक्के डीएपी (नत्र आणि स्फुरदाचं दाणेदार खत) फवारतात. चालते. डीएपी आदल्या रात्री भिजवा आणि सकाळी वरचं पाणी गाळून घ्या. फक्त डीएपी आणि मॅग्नेशियम सल्फेट एका टाकीत कधीच मिसळू नका. साका होऊन तळाला बसतो, नोझल तुंबतं आणि पानाला काहीच मिळत नाही.

चौथी तपासणी: कुदळ चालवा

कोणत्याच तासात फरक पडला नाही किंवा लाली पट्ट्यातच आहे, तर आता जमीन उघडायची. लाल झाडाच्या बुडापासून वीतभर अंतरावर फूटभर खोल खणा. हिरव्या झाडाजवळही तसंच खणा. दोन्ही खड्डे शेजारी पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

मूठभर माती घेऊन दाबा. चिखलाचा गोळा होऊन बोटांना चिकटली, वासही कुबट आला, बारीक मुळं तपकिरी-काळी आणि सालटं निघणारी दिसली, तर मुळं गुदमरली आहेत. आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि तिच्यातली हवेची वाट बंद होते. हवा नसेल तर जमिनीत कितीही खत असो, मुळं ते उचलत नाहीत. अशा वेळी आणखी खत टाकणं म्हणजे उपाशी नसलेल्या, पण श्वास कोंडलेल्या माणसाला जेवण वाढण्यासारखं आहे. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा आला की डवरणी करा, म्हणजे डवऱ्याने ओळींमधली माती हलवा. त्यानंतर दोन टक्के युरियाची फवारणी द्या, कारण मुळं सावरेपर्यंत पानातूनच खायला घालावं लागतं.

माती भुकटी होऊन सांडली, भेगा पडल्यात, मुळं पांढरी आहेत पण थोडी आहेत, तर ओल संपली आहे. विहिरीला पाणी असेल तर बोंडं भरताना एक हलकं ओलित द्या. एका ओळीआड एक सरी भिजवली तरी पुरतं. पाणी नसेल तर उथळ डवरणी करून भेगा बुजवा, ओल उडणं कमी होतं. पुढच्या वर्षासाठी शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडायची सवय लावा. कमी पावसात त्या पाणी धरतात, जास्त पावसात तेच पाणी बाहेर काढतात.

फूटभर खणण्याआधीच कुदळ मुरमावर आदळली, तर उत्तर तिथेच मिळालं. बरड जमीन लांब मुदतीच्या, भरपूर बोंडं धरणाऱ्या वाणाला जेवू घालू शकत नाही. यंदा फवारणीने थोडं सावरेल. पण पुढच्या वर्षी त्या तुकड्यात लवकर येणारा वाण घ्या किंवा तिथे कपाशीच नको. हे ऐकायला कोणाला आवडत नाही. मलाही माझ्या वरच्या दीड एकराबद्दल ते मान्य करायला सहा वर्षं लागली. आता तिथे तूर असते.

पाचवी तपासणी: खताचा हिशेब

कागद-पेन घेऊन बसा. यंदा एकरी काय टाकलं आणि कधी? नेहमीचं उत्तर असतं: पेरणीला एक बॅग डीएपी, नंतर एक बॅग १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के). भरपूर खत टाकलं असं वाटतं. पण ५० किलोच्या डीएपीच्या बॅगेत नत्र १८ टक्के, म्हणजे ९ किलो. १०:२६:२६ च्या बॅगेत ५ किलो. दोन्ही मिळून १४ किलो नत्र, आणि तेही निम्म्याहून जास्त जूनमध्येच पडलेलं. झाडाची खरी भूक पाती लागल्यापासून बोंडं भरेपर्यंत असते. युरियाच्या एका ४५ किलोच्या बॅगेत जवळजवळ २१ किलो नत्र असतं. तेच तिसाव्या आणि साठाव्या दिवसाच्या आसपास, वाफशावर, दोन हप्त्यांत विभागून दिलं तर पोळ्यानंतरचा नत्राचा लाल्या बराच टळतो. मीही आता युरिया एकदम टाकत नाही.

दुसरी गोष्ट पालाशची, म्हणजे पोटॅशची. भरमसाट पालाश पडला तर झाड मॅग्नेशियम कमी उचलतं. चुनखडी जमिनीतही तेच होतं, तिथे चुन्यामुळे मॅग्नेशियमची ओढाताण होते. शेणखत नाही, पिकाचे अवशेष जाळलेले आणि दरवर्षी फक्त दाणेदार खत, अशा शेतात मॅग्नेशियमचा लाल्या मी सर्वांत जास्त पाहिलाय. ज्या तुकड्यात तो दरवर्षी येतो तिथे मॅग्नेशियम सल्फेट एकरी ८ ते १० किलो जमिनीतून, पहिल्या-दुसऱ्या हप्त्याच्या युरियासोबत द्या.

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णा खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी मात्र हे माझं ऐकून मॅग्नेशियम टाकू नये. तिथल्या जमिनीत सोडियमचा आणि निचऱ्याचा प्रश्न आहे, मॅग्नेशियमही मुळात कमी नसतं. तिथला इलाज वेगळा आणि तो मातीचा अहवाल पाहूनच.

सहावी तपासणी: माती परीक्षण

एकाच तुकड्यात दोन वर्षं लागोपाठ लाल्या आला तर ही करायलाच हवी. उन्हाळ्यात, पीक निघाल्यावर आणि शेणखत टाकण्याआधी नमुना घ्या. लाल पडणाऱ्या भागाचा एक आणि हिरव्या भागाचा दुसरा, असे दोन वेगळे. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा करून कडेची माती खरवडायची, एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. धुरा, झाडाखालची जागा, उकिरड्याची जागा, जनावरं बांधायची जागा टाळायची.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. २०१५ पासून जी मृद आरोग्य पत्रिका मिळते तिच्यात बारा बाबी तपासतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. मॅग्नेशियम त्यात नाही. त्यामुळे "माझी पत्रिका चांगली आहे, तरी लाल्या का?" या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर सापडणारच नाही. नमुना देताना उपलब्ध मॅग्नेशियम आणि मुक्त चुना हे दोन वेगळे मागून घ्या आणि त्याचे वेगळे पैसे लागतील हे गृहीत धरा.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

खालचं काही दिसलं तर स्वतः प्रयोग करणं बंद करा.

झाडं ठिपक्या-ठिपक्याने मरताहेत आणि सहज उपटून येताहेत, मुळाची साल कुजून निघतेय. ती मूळकूज असू शकते. मुळांवर गाठी दिसताहेत, तर सूत्रकृमी. तुडतुड्यांवर वेगवेगळ्या गटांची दोन औषधं नीट मारूनही संख्या तशीच आहे. दोन तासांच्या परीक्षेत कोणताच तास सुधारला नाही आणि खड्ड्यातही काही सापडलं नाही. जमीन पावसात साबणासारखी होते आणि वाळली की दगड होते, विहिरीचं पाणी खारट लागतं. यातल्या कोणत्याही बाबतीत तुमच्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा किंवा कृषी सहायकाला शेतावर बोलवा. आपल्याकडे अकोला आणि परभणीची कृषी विद्यापीठं आहेत, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

जाताना नुसता मोबाईलमधला फोटो नेऊ नका. एक लाल झाड आणि एक हिरवं झाड मुळासकट उपटून, मुळांना ओलं पोतं गुंडाळून न्या. सोबत पेरणीची तारीख, वाण, कोणतं खत कधी आणि किती, कोणती फवारणी कधी, हे एका कागदावर. मी पहिल्यांदा रिकाम्या हाताने गेलो होतो तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी हेच सगळं विचारलं आणि मला एकही तारीख सांगता आली नाही. दुसऱ्या वेळी वही नेली, तेव्हा उत्तर मिळालं.

आणखी एक. डिसेंबरात पऱ्हाटी लाल होऊन पानं गळायला लागली की काहीजण पाणी आणि युरिया देऊन तिला पुन्हा हिरवी करतात, फरदड, म्हणजे त्याच झाडांचं दुसरं पीक, घ्यायला. हिरवी होते, थोडी बोंडंही लागतात. पण त्याच बोंडांत गुलाबी बोंडअळी उन्हाळ्यापर्यंत राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच काय, सगळ्या शिवाराच्या पहिल्या फुलांवर येते. डिसेंबर संपेपर्यंत वेचणी उरका, शेळ्या-मेंढ्या चरू द्या आणि पऱ्हाट्या मुळासकट उपटून शेताबाहेर काढा. धुऱ्यावर रचून ठेवू नका.